दुसऱ्या तासानंतर अर्ध्या शाळेचं नेट गायब, राऊटर बदलू का?

यावलच्या बाई
सोमवार, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी. यावल तालुक्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत गणित-विज्ञान शिकवते. घरचा प्रिंटर मी स्वतः जोडला असं एकदा स्टाफरूममध्ये बोलून गेले, तेव्हापासून शाळेतली वायर असलेली प्रत्येक वस्तू माझ्या खात्यावर. आता नेट गळ्यात आलंय.

मांडणी अशी. ऑफिसात भिंतीवर फायबरचा डबा, तोच राऊटर. भाऊसाहेबांचा (आमचे क्लार्क) कॉम्प्युटर थेट त्याला लावलेला. त्याच डब्यातून एक केबल कॉम्प्युटर लॅबमधल्या सोळा पोर्टच्या स्विचला (एका केबलच्या अनेक जोडण्या करून देणारा डबा). स्विचवरून लॅबचे कॉम्प्युटर, लॅबचा प्रिंटर आणि स्टाफरूमचा वायरलेस राऊटर. आणखी एक वायर मैदान ओलांडून नव्या इमारतीतल्या डिजिटल वर्गात गेलीय. ऑफिसला इन्व्हर्टर आहे, बाकी कुठे नाही.

दुखणं जूनपासूनचं. शाळा ११ ला भरते. भाऊसाहेब दहालाच येतात, त्यांचं नेट दिवसभर बिनतक्रार. दुसऱ्या तासानंतर मात्र खेळ सुरू. स्टाफरूममध्ये लाईट जाऊन आली की वायफायच्या कांड्या पूर्ण आणि खाली 'कनेक्टेड, नो इंटरनेट'. लॅबमध्ये तर अजबच. शेजारी शेजारी दोन कॉम्प्युटर, एकाच वेळी चालू केलेले. एकावर यू-डायस प्लस (शाळांच्या माहितीचं सरकारी पोर्टल) उघडतं, दुसऱ्यावर गूगलही नाही. दुसऱ्या दिवशी बरोबर उलटं. स्टाफरूमचा राऊटर बंद करून चालू केला की कधी नेट येतं, कधी येत नाही, आणि कधी कधी चांगलं चाललेलंही जातं.

फायबरवाल्यांचा मुलगा आला, डब्याला लॅपटॉप लावून स्पीड दाखवला, "आमच्याकडून ओके" म्हणाला आणि चहा घेऊन गेला. दुकानदार म्हणतो स्टाफरूमचा राऊटर गेलाय, मोठ्या अँटेनांचा नवा घ्या. हेडसरांनी होकार दिलाय. घेऊन टाकू का? पोषण आहाराची माहिती रोजच्या रोज भरावी लागते, शालार्थचं (पगाराच्या सरकारी पोर्टलचं) बिल डोक्यावर असतं, त्यामुळे प्रयोगांना फार सवड नाही.

हो, आणि गेल्या रविवारी कामासाठी शाळेत बसले होते. दिवसभरात नेट एकदाही गेलं नाही.

---

चोपडा मास्तर
सोमवार, रात्री ९.५५

बाई, आधी चॅनेल बघा. राऊटर बहुतेक 'ऑटो'वर असेल. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ हेच चॅनेल एकमेकांत न घुसणारे. फायबरचा डबा १ वर ठेवा, स्टाफरूमचा ६ वर किंवा ११ वर. आमच्या शाळेला वर पत्रा आणि खाली काळ्या दगडाच्या जाड भिंती, ५ गिगाहर्ट्झ तर वर्गाबाहेर पडतच नाही. रविवारी पोरं नसतात, पोरांच्या खिशातले 'आणत नाही' असे मोबाइल नसतात, म्हणून चालत असेल.

---

भुसावळकर
सोमवार, रात्री १०.१०

ॲडॅप्टर तपासा. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि घरगुती राऊटरच्या माहितीपत्रकात ४० अंशांपर्यंत वापरा असं छापलेलं असतं. पत्र्याखालच्या खोलीत, कपाटावर, धुळीत बसलेला ॲडॅप्टर एक-दोन उन्हाळ्यांत मऊ पडतो. दिवे लागतात, पण भार आला की राऊटर आपोआप रीस्टार्ट मारतो. मात्र तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्या किंवा जास्त अँपिअरचा लावा. १२ व्होल्टचा ९ व्होल्टच्या डब्याला खुपसू नका.

---

अमळनेरचा वायरवाला
सोमवार, रात्री ११.३०

बाई, राऊटर घेऊ नका. शाळेचे पैसे कुठं पळून चालले नाहीत.

वरच्या दोघांचं चुकीचं नाही, पण या दुखण्याला लागू नाही. चॅनेलचा घोळ असता तर नेट हळू चाललं असतं, तुटत-तुटत चाललं असतं. आणि लॅबचे कॉम्प्युटर वायरवर आहेत, त्यांना चॅनेलशी काय देणंघेणं? ॲडॅप्टर गेला असता तर त्या राऊटरखालचे सगळे एकदम मेले असते. एकाच स्विचवरचे दोन शेजारी, एक जिवंत आणि एक मेलेला, याचा अर्थ वायर ठीक, स्विच ठीक, लाइन ठीक. बिघाड पत्त्यात आहे.

आणि रविवारी जात नाही हे तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंत. मी असतो तर तिथूनच सुरुवात केली असती.

उद्या दुसऱ्या तासानंतर एवढंच करा. लॅबमध्ये एक चालणारा आणि एक न चालणारा कॉम्प्युटर निवडा. दोन्हींवर स्टार्टमध्ये 'सीएमडी' टाका, काळी खिडकी उघडेल, तिथे 'आयपीकॉन्फिग /ऑल' टाका (अक्षरं अर्थातच इंग्रजीत). भलीमोठी यादी येईल. घाबरू नका, त्यातल्या तीनच ओळी हव्यात: आयपीव्ही४ ॲड्रेस (कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता), डिफॉल्ट गेटवे (बाहेर जायचं दार), डीएचसीपी सर्व्हर (पत्ता देणारा). दोन्हींचे फोटो काढा आणि आकडे इथे टाका. तोवर कुणालाही काहीही रीस्टार्ट करू देऊ नका. मोठ्या सरांनाही नाही.

---

यावलच्या बाई
मंगळवार, दुपारी २.४०

मधल्या सुट्टीत पाहिलं.

चालणारा: पत्ता १९२.१६८.१.३७, गेटवे १९२.१६८.१.१, डीएचसीपी सर्व्हर १९२.१६८.१.१.

न चालणारा: पत्ता १९२.१६८.०.१०४, गेटवे १९२.१६८.०.१, डीएचसीपी सर्व्हर १९२.१६८.०.१.

फायबरच्या डब्यावरच्या स्टिकरवर १९२.१६८.१.१ लिहिलंय. मग हा ०.१ कोण? स्टाफरूमचा राऊटर असेल म्हणून त्याचं स्टिकर पाहिलं, त्यावर १९२.१६८.१०.१ आहे. त्याच्या पानावर जाऊन पाहिलं तर वॅन पोर्टला (बाहेरचं नेट आत येतं ते भोक) मिळालेला पत्ता पुन्हा १९२.१६८.०.१०१. म्हणजे तोही त्याच ०.१ च्या नादी लागलाय?

---

अमळनेरचा वायरवाला
मंगळवार, दुपारी ४.०५

सापडला. म्हणजे कोण ते सापडलं, कुठं आहे ते तुम्ही शोधायचं. आणि स्टाफरूमच्या राऊटरचं वॅन पाहण्याचं डोकं चालवलंत, ते मी सांगितलंही नव्हतं.

काय होतंय ते सांगतो. कॉम्प्युटर चालू झाला की पूर्ण नेटवर्कवर ओरडतो, "मला पत्ता द्या." पत्ता देणारा डीएचसीपी सर्व्हर नेटवर्कवर एकच हवा, तुमच्याकडे दोन आहेत. समजा दोन क्लार्क एकाच वर्गाला हजेरी नंबर वाटायला लागले आणि एकमेकांना विचारायची पद्धत नाही. पोरगं ज्याच्यासमोर आधी पडेल त्याचा नंबर त्याला. कॉम्प्युटरचंही तेच, ज्याचं उत्तर आधी आलं त्याचं ऐकायचं. १.१ चं आधी आलं तर पत्ता बरोबर, गेटवे बरोबर, नेट चालू. ०.१ चं आधी आलं तर तो म्हणतो "बाहेर जायचं तर माझ्यामार्फत जा", आणि त्याच्या वॅन पोर्टला बाहेरची वायरच नसणार. कांड्या पूर्ण, नेट शून्य.

म्हणून रीस्टार्ट केल्यावर कधी येतं कधी जातं. रीस्टार्टने बिघाड दुरुस्त होत नव्हता, नव्याने पत्ता मागितला जात होता. स्टाफरूमचा राऊटर स्वतः वरून पत्ता मागतो, त्याला चुकीचा मिळाला की त्याच्याखालची अख्खी स्टाफरूम बसते. लाईट गेली की तो बंद पडतो, आली की पुन्हा मागतो. भाऊसाहेबांनी सकाळीच पत्ता घेतलेला असतो. पत्ता ठरावीक मुदतीसाठीच मिळतो, त्याला लीज म्हणतात. लीजची अर्धी मुदत झाली की कॉम्प्युटर ज्याने पत्ता दिला त्याच्याकडेच थेट नूतनीकरण मागतो, गावभर ओरडत नाही. म्हणून त्यांना धक्का लागत नाही.

आता तो कुठं आहे ते शोधा. न चालणाऱ्या कॉम्प्युटरवर काळ्या खिडकीत 'पिंग १९२.१६८.०.१ -टी' लावा, म्हणजे कॉम्प्युटर त्या पत्त्याला सतत हाक मारत राहील. 'रिप्लाय फ्रॉम' अशा ओळी सतत पडत राहतील. मग स्विचजवळ जा. आधी प्रत्येक वायरीला कागदी टेप लावून नंबर टाका (हे टाळू नका, नंतर शिव्या देत बसाल). मग एकेक वायर उपसा, पाच सेकंद थांबा, परत लावा. ज्या कॉम्प्युटरवर पिंग लावलाय त्याची वायर सोडून बरं का. जी उपसल्यावर रिप्लाय थांबून 'टाइम्ड आउट' येईल, ०.१ त्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला बसलाय.

माझा अंदाज मी लिहून ठेवलाय, पण आत्ता सांगत नाही.

---

धुळ्याचा भो
मंगळवार, संध्याकाळी ६.२०

आमना शाळामा बी असंच व्हयनं व्हतं! एका सरांनी घरचा जुना राऊटर आणून स्टाफरूमला लावला होता, "रेंज वाढावी" म्हणून. लॅन पोर्टमध्ये (आतल्या जोडण्यांच्या भोकात) वायर घातली आणि निघून गेले. अख्खी परीक्षा त्या गोंधळात गेली. बाई, शाळेत कुणी घरून डबा आणलाय का तेही विचारा. जेवणाचा नव्हे.

---

यावलच्या बाई
बुधवार, संध्याकाळी ५.५०

सापडलं! डिजिटल वर्गाची वायर.

ती उपसली आणि ओळी जागच्या जागी थांबल्या. पुन्हा लावली, पुन्हा सुरू. नववीची दोन मुलं सोबत होती, त्यांना तर जादूच वाटली.

नव्या इमारतीत गेलो. डिजिटल पॅनेलच्या खाली लाकडी कपाट आहे, त्यात मागे धूळ खात एक छोटा पांढरा राऊटर. शाळेच्या वायरीचं टोक त्याच्या पिवळ्या (लॅन) पोर्टमध्ये, दुसऱ्या पिवळ्यातून पॅनेलला वायर, तिसऱ्यातून सीपीयूला. निळं (वॅन) पोर्ट रिकामं. पॅनेल बसवायला आलेल्या माणसाला एका वायरीतून दोन जोडण्या हव्या होत्या, स्विच जवळ नसेल, म्हणून त्याने राऊटरच लावून दिला असावा. गेलं वर्षभर पॅनेल दुरुस्तीला होतं आणि खोली बंद. जूनमध्ये परत आलं, खोली उघडली, नेटचं दुखणं तेव्हापासून.

दुसऱ्या तासाचंही कळलं. आठवीचा डिजिटल वर्गाचा तास दुसरा. शिपाईमामा त्या वेळी जाऊन खोलीचा मेन स्विच टाकतात आणि शाळा सुटल्यावर बंद करतात. रविवारी मेन बंद.

आणि डिजिटल वर्गात नेट कधीच चालत नव्हतं! तिथे सगळे धडे पेनड्राइव्हवरून दाखवतात, त्यामुळे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

सध्या ती वायर काढून ठेवलीय, आज पूर्ण दिवस सगळीकडे नेट आहे. पण नव्या इमारतीत शिक्षकांना वायफाय हवंय. हा राऊटर तिथेच नीट लावता येईल का?

---

अमळनेरचा वायरवाला
बुधवार, रात्री ८.१५

मी वहीत 'डिजिटल वर्ग' असंच लिहिलं होतं. जिथं पॅनेल बसलंय तिथं कपाटात काहीतरी असतंच.

लावता येईल. त्याला राऊटरगिरी सोडायला लावायची, नुसता वायफाय देणारा करायचा. सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असा पर्याय असेल तर तो निवडा, निम्मं काम तिथंच झालं. जुन्या डब्यांत तो नसतो. मग हाताने असं करा.

शाळेची वायर काढूनच ठेवा. राऊटरला फक्त तुमचा लॅपटॉप, वायरीने. पासवर्ड कुणाला माहीत नसणार, तेव्हा मागच्या भोकात टाचणी घालून चालू स्थितीत दहाएक सेकंद दाबा, सगळे दिवे लुकलुकून तो कोरा होईल. ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ उघडा. आधी वायफायचं नाव आणि पासवर्ड टाका, सुरक्षा डब्ल्यूपीए२. चॅनेल स्टाफरूमपेक्षा वेगळा ठेवा, इथं चोपड्याच्या मास्तरांचं ऐका. मग लॅनचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा. डबा रीस्टार्ट होईल, आता नव्या पत्त्यावर पान उघडा. आणि सगळ्यात शेवटी डीएचसीपी बंद. शेवटी का? ते बंद केलं की लॅपटॉपला पत्ता द्यायला कुणी उरत नाही आणि पान पुन्हा उघडताना तुम्ही अडकाल. अडकलातच तर लॅपटॉपला हाताने १९२.१६८.१.९ असा पत्ता द्या, मास्क २५५.२५५.२५५.०, की पान उघडेल.

आता शाळेची वायर पिवळ्याच पोर्टमध्ये. निळं रिकामंच राहू द्या आणि त्यावर चिकटपट्टी मारा, नाहीतर पुढचा हुशार माणूस येऊन "इंटरनेट निळ्यात जातं" म्हणून वायर हलवेल.

फायबरच्या डब्यातही एक काम आहे. तिथं डीएचसीपीची सुरुवात १९२.१६८.१.५० पासून करा, शेवट २०० वर. म्हणजे १.२ हा पत्ता तो चुकून दुसऱ्या कुणाला देणार नाही आणि ५० च्या खालचे पत्ते तुमच्या हातात राहतील.

राऊटरवर कागद चिकटवा: 'रिसेट दाबू नये.' कुणी टाचणी घातली की डीएचसीपी पुन्हा चालू होईल आणि तुम्ही पुन्हा इथं याल.

एक विचारायचं राहिलं. मैदानावरून गेलेली वायर कशी आहे? रंग कोणता, टांगलेली आहे की पाइपातून, मधे कुठं जोड आहे का?

---

शहाद्याचा सर
बुधवार, रात्री ९.००

राऊटरऐवजी पाच पोर्टचा साधा स्विच ठेवला तर? सेटिंगची कटकटच नको.

---

अमळनेरचा वायरवाला
बुधवार, रात्री ९.१०

सर, तिथं वायफाय नको असतं तर मीही तेच सांगितलं असतं. साध्या स्विचला पत्ता वाटता येत नाही, त्यामुळे हा उपद्रव होऊच शकत नाही. फक्त पोरांनी एकाच वायरीची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये खुपसली नाहीत म्हणजे झालं. तसं झालं की संदेश गोल गोल फिरत बसतात, सगळे दिवे एकदम फडफडतात आणि अख्खी शाळा बंद.

---

यावलच्या बाई
गुरुवार, रात्री ९.३०

झालं सगळं. दोन्ही इमारतींत नेट आहे, दिवसभर टिकलं. डिजिटल वर्गात पहिल्यांदाच दीक्षा (धड्यांचं सरकारी पोर्टल) थेट उघडलं.

मैदानावरची वायर करड्या रंगाची, साधी घरात वापरतात तीच. ऑफिसच्या पत्र्यापासून लिंबाच्या झाडाला बांधून पलीकडे. झाडाजवळ जोड आहे, त्यावर काळी पट्टी गुंडाळलीय. पट्टीच्या वर वायरीचं आवरण तडकलंय, आतली नारिंगी तार दिसते.

आणि एक नवी भानगड. लॅबचा प्रिंटर आजपासून एकाही कॉम्प्युटरवरून छापत नाही. आधी निदान कधी कधी तरी छापायचा!

---

अमळनेरचा वायरवाला
गुरुवार, रात्री १०.२०

प्रिंटरचं सोपं आहे. ज्या दिवशी तो कॉम्प्युटरना जोडला त्या दिवशी त्याला ०.१ ने पत्ता दिला असणार. कॉम्प्युटर त्याला अजून १९२.१६८.०. च्या गल्लीत शोधतायत आणि ती गल्लीच आता उरली नाही. 'कधी कधी छापायचा' म्हणजे प्रिंटर आणि कॉम्प्युटर दोघेही चुकीच्या बाजूला असले की छापायचा.

प्रिंटरच्या मेनूमधून नेटवर्क सेटिंगचं पान छापून घ्या, तेवढं तो कॉम्प्युटरशिवायही छापतो. त्यावर मॅक ॲड्रेस असेल, म्हणजे यंत्राची स्वतःची ओळख, बारा अक्षरांची. फायबरच्या डब्यात 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' (एका यंत्रासाठी एक पत्ता राखून ठेवणं) शोधा, तो मॅक आणि त्याच्यापुढे १९२.१६८.१.६० टाका. काही डबे रिझर्व्हेशन वाटपाच्या हद्दीबाहेर घेत नाहीत, म्हणून ६० म्हणतोय. प्रिंटर बंद-चालू करा. मग प्रत्येक कॉम्प्युटरवर जुना प्रिंटर काढून याच पत्त्याने नव्याने जोडा.

आता वायर. ही बदला, आणि यात काटकसर नको. घरातल्या वायरीचं आवरण आपल्या उन्हात टिकत नाही, तडकतं. मग पावसाचं पाणी आत शिरतं आणि जोडाजवळ तांबं हिरवं पडतं. बाहेरसाठी काळ्या जाड आवरणाची केबल येते. घेताना पूर्ण तांब्याची मागा, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्तात गळ्यात मारतात. स्विचपासून राऊटरपर्यंत एकूण लांबी १०० मीटरच्या आत हवी. मधे जोड नको, एकसंध ओढा.

पण मला विचाराल तर दोन इमारतींमध्ये तांबं नकोच. मृगाच्या आधीच्या वादळात वीज शेजारच्या वावरात पडली तरी एवढ्या लांब तारेत झटका तयार होतो आणि दोन्ही टोकांची पोर्टं जळतात. मग स्विचही जातो, कधी त्याच्यामागचे कॉम्प्युटरही. फायबर ओढा, दोन्ही टोकांना एकेक मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची वायर जोडून देणारा डबा). काचेतून वीज जात नाही. राऊटरचे वाचलेले पैसे तिथं घाला, मोठे सर नाही म्हणणार नाहीत. आणि तोवर ढग दाटून आले की स्विचमधून ती वायर उपसून ठेवायला शिपाईमामांना सांगा. नंबरची टेप लावलीच आहे.

---

यावलच्या बाई
शुक्रवार, दुपारी १.१५

प्रिंटर चालला. फायबरसाठी हेडसरांकडे अर्ज दिला, त्यांनी दोन दुकानांची दरपत्रकं मागितलीत. एका दुकानदाराने विचारलं, "सिंगल मोड की मल्टी मोड?" काय सांगू?

---

अमळनेरचा वायरवाला
शुक्रवार, दुपारी १.४०

सिंगल मोड. कन्व्हर्टरची जोडीही सिंगल मोडचीच घ्या, एकाच दुकानातून. एकाच धाग्यावर चालणारी जोडी असेल तर दोन डबे वेगवेगळे येतात, एक ए आणि एक बी. दोन्ही ए देतात कधी कधी, दुकानातच उघडून बघा. केबल चार धाग्यांची ओढा, एक तुटला तर दुसरा हाताशी राहील.

राऊटरचा ॲडमिन पासवर्ड बदललात ना?

---

यावलच्या बाई
शुक्रवार, दुपारी १.५०

बदलला. पाकिटात घालून हेडसरांच्या कपाटात ठेवला. वायफायचा मात्र दहावी ब ला कालच कळला, आज संध्याकाळी तोही बदलते.